ठिगळाची बाजू

११ फेब्रुवारी १९९७

बादली अर्धी भरली होती आणि मी बेसबॉलच्या मैदानात, तिसऱ्या बेसमागच्या गवतातले चेंडू वेचत होतो, तेवढ्यात डोरीन घरचं टपाल घेऊन गाडीतून उतरली आणि कुंपणापाशी उभी राहून पाकीट हलवायला लागली.

"तुझ्या डावऱ्याचं आलंय!" ती ओरडली.

नवी मुलं हसली. जुन्यांनी माना खाली घातल्या.

ऑरिन, पत्र मी तिथेच, बादली पालथी घालून तिच्यावर बसून वाचलं. अक्षर तुझ्या बहिणीचं, वर्नाचं आहे, शब्द तुझे. वर्ना म्हणते, फोनचा रिसीव्हर कानाला लावला की तुझ्या डोक्यात अजून शिट्टी वाजते. म्हणून लिहितो आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एका डोळ्याने एका वेळी किती ओळी होतात ते कळव, म्हणजे पुढच्या वेळी त्या बेताने लिहीन.

दहा महिन्यांनी तुझं पहिलं पत्र आलं आणि त्यात तू एकच गोष्ट विचारलीस. डोकं किती बाहेर होतं?

मी अपघाताच्या अहवालात लिहिलंय तेवढंच. वीतभर. तू सरावाचा चेंडू टाकलास आणि तो कुठे जातो ते बघायला संरक्षक जाळीच्या कडेने वाकलास. तुझी सवयच ती. हेस्टर किती वेळा ओरडला असेल, "डावऱ्या, मुंडकं आत घे! तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" आणि तू म्हणायचास, "आईला माझं तोंड तसंही आवडत नाही, कोच." सगळा संघ हसायचा. त्या दिवशीही तसंच झालं आणि चेंडू लागला. कुणाचंही होऊ शकलं असतं. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

इकडची, कॉलेजच्या संघाची खबर. नऊ सामने झाले, तीन जिंकलो. तुझ्या जागी माणूस घेणार होते, घेतला नाही. चेंडू टाकणाऱ्या पिचर मुलांना मीच बघतो. ते माझ्याकडे बघतात आणि तुला शोधतात. गवत मीच कापतो, कपडे मीच धुतो, गाडीही मीच चालवतो. मागच्या शनिवारी नवा खेळाडू घ्यायला लुइझियानाला जाऊन त्या मुलाच्या स्वयंपाकघरात तीन तास बसलो. त्याच्या आईने मक्याचा पाव आणि चवळी वाढली. म्हणाली, "माझ्या लेकराला सांभाळाल ना?" मी सांभाळीन म्हटलं. एकोणीस वर्षं म्हणतोय.

हेस्टर मे महिन्यात निवृत्त होतोय. अजून बाहेर बोललेला नाही.

नवीन जाळी आली. काळी, नायलॉनची. जुनी मी जाळून टाकली.

रॉइस

३ मार्च

ऑरिन,

पाकिटात वर्नाची वेगळी चिठ्ठी होती. तुला न सांगता घातलेली दिसते. ती लिहिते, "रॉइस, तुम्ही याला समजवा. कपडे वाळत घालायच्या दोरीवर माझी चादर लावलीय आणि तिचा वरचा एक कोपरा चिमटे लावून खाली दुमडलाय. त्या चादरीमागे उभा राहून हा कोठारावर बटाटे फेकतो. शेजारी बघतात. मी विचारलं तर म्हणतो, डोकं बाहेर येतंय का बघ आणि मोज."

तू लिहितोस, दोनशे वेळा फेकलं आणि वर्नाने मोजलं. डोकं एकदाही बाहेर आलं नाही.

त्यावरून काय ठरतं? चादरीसमोर कुणी बॅट घेऊन उभं नसतं. बटाटा परत येत नाही. माणूस समोर खरा फटका बघतो तेव्हा वाकतो. तू मैदानात असतास तर हे मुलांना तूच सांगितलं असतंस.

तू विचारतोस, "तू नक्की पाहिलंस का?" आणि त्याखाली रेघ ओढलीस. रेघ तुझीच. वर्ना पट्टीने ओढते.

हो, पाहिलं. मी सामानाच्या शेडच्या दारात होतो. तिथून सगळं दिसतं. हे मी हेस्टरला सांगितलं, विम्याच्या माणसाला सांगितलं, आता तुला सांगतोय. पुन्हा विचारू नकोस. चादर काढ आणि धुऊन वर्नाला परत दे.

मला माहीत आहे, त्या अहवालात 'निष्काळजीपणा' हा शब्द आहे आणि त्या शब्दामुळे तुला आता कुणी शाळेच्या संघापुढेही उभं करणार नाही. शब्द माझा नाही. विम्याच्या माणसाचा आहे. मी फक्त डोकं बाहेर होतं एवढंच लिहिलं.

हेस्टरने काल गाडीत विषय काढला. परतीच्या वाटेवर मुलं मागे झोपली होती.

"माझ्या जागेसाठी डीनला मी तुझं नाव दिलंय," तो म्हणाला. "तुम्ही दोघं असतात तर मला जड गेलं असतं. खरं सांगतो, मी त्या डावऱ्याला दिली असती जागा."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस. तू काम जास्त करतोस. पण मुलं त्याच्यासाठी भिंतीवर डोकं आपटतील."

मग म्हणाला, "मी काय बोललो बघ. डोकं आपटतील म्हणे. म्हातारा झालो मी."

रॉइस

६ एप्रिल, रविवार

ऑरिन,

लाइल बर्डेट आला होता. ज्याच्या फटक्याने तुला लागलं, तो लाइल. त्याने खेळ सोडला हे तुला माहीत असेल. कॉलेजही सोडलं. कोंबड्यांच्या कारखान्यात लागलाय, रात्रीच्या पाळीला. अंगाला पिसांचा वास येतो. हात बघवत नाहीत.

त्याच्या हातात तू त्याला लिहिलेलं पत्र होतं. मला वाचून दाखवलं. "तुझा फटका उत्तम होता. सरळ, जमिनीला समांतर, असाच मारायला मी तुला शिकवलं होतं. चूक माझ्या डोक्याची. ते जिथे असायला नको तिथे होतं. तू माझ्यामुळे बॅट ठेवू नकोस."

स्वतःबद्दल असं आपल्याच हाताने कशाला लिहिलंस? अक्षर वाकडंतिकडं होतं, वर्नाची मदतही घेतलेली नव्हती.

लाइल बराच वेळ बसला. काहीबाही बोलत होता. त्याला त्या दिवसाचं नीट आठवत नाही. मी त्याला पाणी दिलं आणि परत खेळायला ये म्हटलं. तो "हो कोच" म्हणाला. येणार नाही.

बुधवारी नऊ तारीख. वर्ष होईल. त्या दिवशी बाहेरगावी सामना आहे, ते बरं.

तू लिहितोस, आता तुला पटलंय. डोकं बाहेर होतंच, नाहीतर चेंडू लागलाच नसता, कारण जाळीतून चेंडू पार जात नाही. दोन महिने मी तुला हेच पटवत होतो. पटलं हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

चादर काढलीस, हे चांगलं केलंस.

रॉइस

२४ एप्रिल, गुरुवार, दुपार

ऑरिन,

हे पत्र वर्नाने वाचलं तरी चालेल. कॉलेजचा डीन स्पूनर, त्यालाही याची प्रत देणार आहे. त्याला बेसबॉलमधलं काही कळत नाही, म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही लिहिल्या आहेत. त्या सोडून वाचू नकोस.

उद्या दहा वाजता स्पूनर सभागृहात माझं नाव जाहीर करणार आहे. मुख्य कोच. डोरीनने माझ्या कोटाची बाही उसवून लांब केलीय. मी आत्ता मैदानावर, खेळाडूंच्या बाकावर बसलोय. इथे कुणी नाही.

बॅटिंगच्या सरावाला चेंडू टाकणारा लोखंडी चौकटीच्या जाळीमागे उभा राहतो. चौकटीची एक बाजू डोक्याच्या वर जाते आणि दुसरी कमरेपर्यंतच असते. त्या कमी बाजूवरून हात फिरवून चेंडू टाकायचा आणि लगेच उंच बाजूच्या आड व्हायचं. उजव्या हाताने टाकणाऱ्याला कमी बाजू उजवीकडे लागते. डावरा आला की अख्खी चौकट पुढचं मागे करून फिरवायची, म्हणजे कमी बाजू डावीकडे येते.

त्या फेब्रुवारीत उंच बाजूला, तोंडाच्या उंचीवर, भोक पडलं. चेंडू सहज जाईल एवढं. मी हेस्टरकडे नवी जाळी मागितली. तो म्हणाला, "तू कोळ्याचं पोर ना? मग शिव." तू मागून म्हणालास, "कोळी, एखादा मासाही लावून दे त्याला." मी हसलो. मला ते आवडायचं. बिलॉक्सी बंदराच्या धक्क्यावर माझ्या बापाने मला नवव्या वर्षी जाळं विणायला शिकवलं. या मैदानावर मला येत होती आणि इतर कुणाला येत नव्हती अशी ती एकच गोष्ट होती.

पण त्या दिवशी थंडी होती. बोटं वळत नव्हती. भोक विणून भरायला दोन तास लागतात. मी जुन्या जाळीचा हातभर तुकडा कापला आणि भोकावर लावून चार कोपऱ्यांना सुतळीने बांधला. बॅट्समनच्या बाजूने बांधला. तिकडून चेंडू आला की ठिगळ जाळीवर दाबलं जायचं. पक्कं बसायचं. मी त्यामागे उभा राहून दोन महिने चेंडू टाकले. ठिगळावर निदान दहा फटके बसले. काही झालं नाही.

चौकट फिरवली की ठिगळ टाकणाऱ्याच्या बाजूला येतं. मग चेंडू आधी भोकात शिरतो आणि ठिगळाला मागून ढकलतो. चार सुतळ्या काय धरणार? हे मला बांधतानाच कळलं होतं. मी मनात म्हटलं, उजव्या हाताचा मीच तर टाकणार. ऑरिन पिचर मुलांकडे असतो. वेळ मिळाला की नीट विणीन. कुणाला सांगितलं नाही. बापाने ते काम पाहिलं असतं तर सुरीने कापून पाण्यात टाकलं असतं, आणि तुम्ही सगळे तर माझ्या हाताचं कौतुक करत होतात.

नऊ एप्रिलला पाळी तुझी नव्हती. अहवालात मी तुझी पाळी म्हणून लिहिलं. मी तुला म्हटलं, "आज तू टाक, माझा खांदा धरलाय." तू म्हणालास, "म्हातारा झालास. जा, शेक घे."

खांदा धरला नव्हता. टेक्ससमधल्या एका कॉलेजातून अकरा वाजता फोन येणार होता. मुख्य कोचची जागा होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. शेडमधल्या फोनपाशी जाऊन उभा राहिलो. फोन आला. पलीकडचा माणूस विचारत होता, "अठरा वर्षं साहाय्यकच? पुढे का नाही गेलात?" मी उत्तर जुळवत होतो. दारातून मला तू दिसलास. तू चौकट उचललीस आणि फिरवलीस. मी पाहिलं. ओरडायला मला वेळ होता, ऑरिन. तू चौकटीचे पाय मातीत दाबून बसवलेस, टोपी मागे सरकवलीस, बादली जवळ ओढलीस. एवढ्या वेळात माणूस शेडमधून चालतही तुझ्यापर्यंत आला असता. मी मनात म्हटलं, पाच मिनिटांचा फोन आहे. दहा-वीस चेंडूंत काय होतंय? ठेवल्यावर सांगू.

तू समोर ठिगळ पाहिलं असशील. तोंडासमोरच होतं. तुला वाटलं असेल, कोळ्याने बांधलंय.

सातवा किंवा आठवा चेंडू होता. तुझं डोकं आत होतं. पूर्ण आत. तू त्या दिवशी वाकला नव्हतास. चेंडू जाळीतून आला.

टेक्ससचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला. त्याला मी परत फोन केला नाही.

तुला ॲम्ब्युलन्समधून नेल्यावर हेस्टर तिच्यामागे गेला. मुलं एकमेकांना धरून बसली होती. मी चौकट शेडमध्ये नेली. ठिगळ तीन कोपऱ्यांना सुटलं होतं, चौथ्याला लोंबत होतं. ते सोडवून खिशात घातलं. मग बसलो आणि ते भोक विणलं. तिथे गाठींचं माप धरायची काठी नव्हती, पेन्सिलवर गाठी घेतल्या. दोन तास लागले. बोटं छान चालत होती. गुरुवारी विम्याचा माणूस आला. त्याने ती जागा दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि म्हणाला, "मजबूत आहे." आयुष्यात मी याहून चांगली वीण घातलेली नाही. जाळी धड, म्हणजे डोकं बाहेर. त्याने तसं लिहिलं. मी सही केली.

आता तू म्हणशील, जागेसाठी गप्प बसलो. तसं नाही. गप्प आधी बसलो, तेव्हा हेस्टर जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जागा नंतर आली. पण आल्यावरही गप्पच होतो, त्यामुळे याने फार फरक पडत नाही.

लाइलबद्दल मी तुला खोटं लिहिलं. त्याला सगळं आठवतं. तो म्हणाला, "कोच, मला डोकं बाहेर दिसलं नव्हतं. चेंडू जाळीत गेला. मी जाळी फुगलेली पाहिली. हे मी तेव्हाच कोच हेस्टरना सांगितलं होतं. ते म्हणाले, तू घाबरलायस."

मी म्हटलं, "एवढ्या वेगात डोळ्याला कळत नाही, पोरा."

तो म्हणाला, "ताशी नव्वद मैलांचा चेंडू येतो तेव्हा त्याची शिवण बघ, असं तुम्हीच शिकवता ना?"

मी उठून त्याला पाणी दिलं. मग तो म्हणाला, "हो कोच, चुकलं असेल माझं." असं म्हणून त्याने तुझ्या पत्राची घडी घातली. चार घड्या, मग अजून एक. मी बघत राहिलो.

त्याच आठवड्यात डोरीनला ठिगळ सापडलं. कोटाची बटणं शोधत होती. माझ्या मोज्यांच्या खणात हात घातला.

"हे काय आहे?"

"जुन्या जाळीचा तुकडा."

"जाळी तर जाळलीस ना? माझ्या धुण्याला धूर लागला होता."

"एवढा राहिला."

"राहिला की ठेवलास?"

तिने सुतळीची गाठ बोटाने चाचपली. ती माझ्या गाठी ओळखते.

"मला सांगू नकोस," ती म्हणाली. "मला सांगितलंस तर ते मला घेऊन जगावं लागेल, आणि तू मोकळा होशील. ज्याचं आहे त्याला सांग." मग खण लावला आणि कोट शिवायला बसली. तेव्हापासून आम्ही जेवणाचं, भाड्याचं, कुत्र्याचं बोलतो.

तरी मी अडीच आठवडे काढले. सांगायचा बेत नव्हता. तुला पटलं होतं, लाइलला पटवलं होतं. काल वर्नाची चिठ्ठी आली. तू चादर काढलीस, पण आता जेवताना, दाढी करताना, मान मागे ओढून धरतोस. खुर्चीत ताठ बसतोस. ती म्हणते, "झोपेतसुद्धा डोकं भिंतीला टेकवून ठेवतो. मी विचारलं तर म्हणतो, आत ठेवायची सवय लावतोय."

ऑरिन, मान सोड. तुझं डोकं आत होतं.

ठिगळ पाकिटात घालतोय. सुटलेले कोपरे तीन आहेत, मोजून बघ. ज्या बाजूला चेंडूच्या शिवणीचा लाल दोरा घासलाय ती बाजू भोकाकडे होती. तुझ्याकडे दुसरी.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल.

रॉइस लॅडनर

२५ एप्रिल, दुपार (कार्डावर)

टपालकचेरी साडेआठला उघडते. मी सव्वाआठला दारात होतो. स्पूनरकडे आधी गेलो असतो तर त्याने मला खुर्ची दिली असती आणि मी बसलो असतो, म्हणून आधी पाकीट टाकलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "फार फुगलंय. आत काय आहे?" मी जाळी म्हटलं. तिने जास्तीचं तिकीट लावलं.

नऊला स्पूनरला प्रत दिली. त्याने दोनदा वाचली. मग उठून दार लावलं आणि विचारलं, "हे अजून कुणी पाहिलंय?" मी म्हटलं, "ऑरिनकडे, आयडाहोला निघालंय." त्याने चाव्या मागितल्या. शेडची, गाडीची, कपड्यांच्या खोलीची. शेडची कडीतून निघत नव्हती, त्याच्या टेबलावरच्या कात्रीने काढली. हेस्टर बाहेर व्हरांड्यात टाय लावून उभा होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "पोराने मला सांगितलं होतं रे," आणि भिंतीला टेकला.

तिथून लाइलच्या खोलीवर गेलो. तो पाळीवरून येऊन झोपला होता, उठून दारात आला. मी त्याला सगळं दारातच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मी हात पुढे केला. तो म्हणाला, हात धुतलेले नाहीत, आणि खिशातून काढले नाहीत.